कडी आतून हवी

आमच्या गावातल्या संडासांना कडी बाहेरून आहे, आतून नाही.

हे वाक्य मी पत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहिलं तेव्हा छापखानेवाल्याला वाटलं, पोरीनं घाईत उलटं लिहिलं. शहापूरच्या एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात त्याचं मशीन आहे, आमची सगळी पत्रकं तिथंच निघतात. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. "ताई, आतून-बाहेरूनची अदलाबदल झालीय का बघा जरा."

"झालीय," मी म्हटलं. "पण माझ्याकडून नाही. ज्यांनी दारं बसवली त्यांच्याकडून."

मी मुरबाड तालुक्यातली, धसईच्या अलीकडच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गावातले म्हणतील आमची बदनामी केली, आणि शेजारच्या गावातले म्हणतील, आमच्याकडे तरी काय वेगळं आहे?

मला लिहायला पत्रकांनी शिकवलं. कॉलेजात असताना आम्ही सात-आठ जण बंद झालेल्या एसटी फेऱ्यांसाठी पत्रकं वाटायचो, नंतर पाण्यासाठी, मग दाखल्यांसाठी. पहिल्या ओळीत मुद्दा आला नाही तर पत्रकात भजी बांधली जातात. माझी स्वतःची पत्रकं मी टोकावड्याच्या ढाब्यावर भज्यांखाली तेलकट झालेली बघितली आहेत. तेव्हापासून मी गोल गोल लिहीत नाही. कोणाला टोचलं तर टोचू दे.

संडास आले तेव्हा गावात आनंद होता, हे आधी सांगते. बांधाच्या आडोशाला जाण्यापेक्षा चार भिंती केव्हाही बऱ्या. मीही खूश होते. ठेकेदाराची माणसं आली, खड्डे मारले, भिंती उभ्या केल्या, पत्र्याची दारं टांगली. मग फोटोचा दिवस आला. योजनेला फोटो लागतो. बंद दार, त्यावर घरमालकाचं नाव, आणि दारासमोर घरमालक. पण पत्र्याचं दार नुसतं लोटून बंद राहत नाही. मोबाइल घेऊन आलेला माणूस "दार लावा, अहो दार लावा" म्हणून ओरडत होता, आणि मालक हात जोडून उभा राहिला की त्याच्या मागे दार हळूच उघडत होतं. शेवटी कोणीतरी गोणीतून कड्या आणल्या आणि प्रत्येक दाराला बाहेरून एकेक ठोकली. कडी लागली, दार बंद राहिलं, फोटो निघाला. गाडी निघून गेली.

त्या दाराच्या मागे उद्या माणूस बसणार आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. फोटोत माणूस दाराच्या पुढे होता ना.

मग बायकांनी आपापली सोय काढली. कोणी बाहेर टमरेल ठेवायची. टमरेल दिसलं की समजायचं, आत कोणी आहे. पण टमरेल पोरं उचलून नेतात, कुत्रं लवंडून टाकतं. कोणी दारावर ओढणी टाकायची. माझ्या आईनं पत्र्याला भोक पाडून त्यात सुंभाची दोरी ओवली होती. आत बसायचं आणि दोरीचं टोक मुठीत धरून ठेवायचं. आणि सगळ्यांचा मिळून एक उपाय म्हणजे खोकला. बाहेर पावलं वाजली की आतून खोकायचं. आमच्या गावात बाई खोकली तर तिला औषध कोणी विचारत नाही.

पत्रक काढायचं तर आपल्याला त्यातलं कळायला हवं, म्हणून आधी मी मुरबाडच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. "दाराची कडी दाखवा," म्हटलं.

"आतली का बाहेरची?"

"दोन्ही दाखवा."

त्यानं काउंटरवर पसारा मांडला. बाहेरून लावायचा, कुलूप अडकवता येईल असा जाड दांड्याचा अल्ड्रॉप. आतून लावायचा सरकता टॉवर बोल्ट, म्हणजे आपली साधी आतली कडी. कडी-कोयंडा, साखळी, कपाटाची खिटी. मुख्य दाराचं नाइट लॅच, ज्याला बाहेरून चावी आणि आतून खटका. अल्ड्रॉप हातात घेतला तर हात खाली गेला. आतली कडी बोटाएवढी.

"जास्त कोणती खपते?"

"बाहेरची. ठेकेदार लोक गोणीनं नेतात."

"आणि आतली?"

"गिऱ्हाइकाला आठवण झाली तर नेतो." माझा चेहरा बघून त्यानं समजावलं, "चोर बाहेरून येतो ना, ताई."

"आणि जो आत आहे त्याचं काय?"

"आतला काय, घरचाच माणूस!"

त्याच्यावर राग नव्हता. जे विकलं जातं ते तो सांगत होता. पण एसटीत बसल्यावर माझं डोकं तापायला लागलं. आमच्याकडे भाताच्या खोलीला कुलूप आहे. विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला कुलूप आहे, गोठ्याला आडणा आहे, शाळेच्या खिचडीच्या तांदळाला दोन कुलपं आहेत. कडी म्हणजे मालाची राखण, आणि ती लावणार मालक, बाहेर उभा राहून. बाईला आतून दार लावावंसं वाटलं तर पहिला सवाल येतो, "कशाला? घरचेच हायत की सगळे." मी म्हणते, घरचे आहेत म्हणूनच. चोर माझ्या गावात कधीतरी येईल. घरचे रोज असतात.

त्या काउंटरवर आणखी एक वस्तू होती, पितळी रंगाचं गोल लॉक. फिरवायची गोल मूठ, एका बाजूला मधोमध दाबायचं बटण, दुसऱ्या बाजूला मुठीतच चावीचं भोक. तसंच लॉक आमच्या घरी माझ्या खोलीला आहे. म्हणून मी सहज बोलले, "बटण बाहेर येतं ना याचं?"

दुकानदार हसला. "बटण आत. चावी बाहेर. बटण बाहेर बसवलं तर तुमाला कोणी पण कोंडून जाईल."

आमच्याकडे तेच झालेलं होतं.

त्याची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्लॅबचं घर बांधलं. बाबा आसनगावला एका नातेवाइकाच्या फ्लॅटवर गेले होते, तिथं त्यांनी ही गोल मूठ बघितली आणि त्यांना ती इतकी आवडली की परत आल्यावर तिच्याबद्दलच बोलत होते. "नुसती फिरवायची! कडी नाय, काय नाय!" मग घरात एका दाराला तरी ती पाहिजेच झाली. आमचा सुतार हाताला फार चांगला आहे. चौकट उभी करताना नारळ फोडतो, हळदकुंकू लावतो, आणि दाराला सगळ्यात आधी बाहेरची कडी बसवून ती मालकाच्या हातानं लावून घेतो. तशी रीतच आहे. पण गोल लॉक त्यानं जन्मात पहिल्यांदा धरलेलं. त्यानं ते उलटसुलट बघितलं आणि दोन निष्कर्ष काढले. एक, बटणानं दार बंद होतं, म्हणजे बटण हीच कडी, म्हणजे ते बाहेर पाहिजे. दोन, चावीचं भोक बाहेर ठेवलं तर वाडीतली पोरं त्यात काड्या घालतील, म्हणून ते आत. बाबांना हे दोन्ही पटलं. मागची खोली माझी, तिलाच ते बसलं. तीन वर्षं चावीचं भोक माझ्या बाजूला आहे आणि मला वाटत होतं, ते असंच असतं. इतरांच्या दारांचा अभ्यास करणारी मी, स्वतःच्या दाराशी एवढी अडाणी.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. लॉक उलटं बसलंय, सुलटं करू, आणि वर एक आतली कडी लावून घेऊ.

बाबा जेवत होते. "उलटं नाय. बरोबर हाय."

"अहो, बटण आतल्या माणसाच्या हातात असतं. दुकानदारानं दाखवलं मला."

"दुकानदाराच्या घरात आसंल. हितं बटण मालकाच्या हातात ऱ्हाईल. तुला आतून काय लावून घ्यायचंय? आमी काय परके हाव?"

आई ताटात भात वाढत होती.

मग पत्रक निघालं. वरचं वाक्य पहिलं, त्याखाली मागणी: गावातल्या प्रत्येक संडासाला आतून कडी, ग्रामपंचायतीच्या खर्चानं, ग्रामसभेत ठराव करून. मी घरोघर गेले. हसणारे खूप भेटले. पारावरचा एक जण म्हणाला, "काय गो, एसटी झाली, पाणी झालं, आता कडी? पुढं काय, खिळा?" मी म्हटलं, खिळ्याचं काम निघालं तर खिळ्याचंही काढीन. पण बायका हसल्या नाहीत. चुलीपाशी, उखळापाशी, पाण्यावर, जिथं सापडल्या तिथं त्यांनी सही केली, नाहीतर अंगठा दिला. एकीनं सही करून कागद परत दिला आणि विचारलं, "आमच्या न्हाणीला पण मिळंल का गो?" न्हाणीला तर दारच नव्हतं, जुनं लुगडं होतं.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती रजिस्टरमध्ये होते. शिपाई घरोघर फिरून सह्या नेतो की झाली सभा. म्हणून जे बोलायचं ते मोठ्या सभेतच बोलायचं, असं ठरलं होतं, आणि बोलणार मी होते.

अडचण घरातच होती. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, पंचायतीचे सदस्य आहेत. संडास त्यांच्याच वेळचे, आणि फोटोच्या दिवशी "दार लावा" म्हणणाऱ्याच्या शेजारी तेच उभे होते. सभेच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या पडवीत येऊन बसले. मी आत पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुझी पोर उद्या गावासमोर माझ्या तोंडावर कडी फेकणार हाय म्हणं."

बाबा म्हणाले, "ती येणार नाय."

"नक्की?"

"म्हटलं ना दादा, येणार नाय."

मला वाटलं, सकाळी भांडण होईल. भांडणाची माझी तयारी होती. चार मुद्दे काढून ठेवले होते. पण भांडण झालंच नाही. सकाळी आंघोळ करून मी खोलीत सह्यांचे कागद पुठ्ठ्यावर लावत होते. दार लोटलं गेलं आणि टक् आवाज झाला. मग बाबांच्या चपलांचा आवाज पडवीतून अंगणात, अंगणातून रस्त्याला. मी मूठ फिरवली. ती दगडासारखी घट्ट.

मला राग आधी आला नाही. आधी लाज वाटली. एवढी पत्रकं काढली, एवढं गाव फिरले, आणि मला थांबवायला एक बोट पुरलं. त्या बोटालाही जोर लावावा लागला नाही.

मग राग आला. मी दारावर दोन्ही हात आपटले. "आई!"

"ओरडू नको. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! मूठ फिरव तुझ्या बाजूनं. नुसती फिरव, बटण आपोआप सुटतं."

"माहीत हाय मला."

"मग फिरव ना!"

"ते सांगून गेलेत. म्हणले, अकरा वाजेपर्यंत दार उघडायचं नाय. तू उघडलंस तर माझ्याशी गाठ हाय."

"आणि तू ऐकणार?"

मी दाराला टेकून खाली बसले. या दाराची गंमत बघा. ते बंद होतं, पण त्याला कुलूप असं नव्हतंच. बाहेरून कोणीही, चार वर्षांच्या पोरानंही मूठ फिरवली असती तर उघडलं असतं. ते बंद ठेवत होतं फक्त बाबांचं वाक्य. बाजारात मी कड्यांचे इतके प्रकार बघितले, पण सगळ्यात जास्त घरांत बसवलेला प्रकार हाच आहे, आणि तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

मी आईला टोचून बोलले. आज लिहिताना वाईट वाटतं, पण बोलले. "दोरी धरून बसायची सवयच लागलीय तुला."

बाहेर काहीच आवाज नाही. मला वाटलं, ती उठून गेली. खरंच उठली होती. देव्हाऱ्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग तिची पावलं परत आली. खोलीच्या दाराला उंबरा नाही, फरशी आणि दारात बोटभर फट आहे. त्या फटीतून काहीतरी खरवडत आत आलं. छोटी चपटी चावी, हळदीनं पिवळी झालेली.

"मी दार उघडलं नाय," आई दाराआडून म्हणाली. "मुठीला हातसुद्धा लावला नाय. कोणी विचारलं तर तू पण तेच सांग."

मी चावी भोकात घातली, फिरवली, दार उघडलं. आई हातात झाडू घेऊन समोर उभी.

"तुला कसं माहीत, चावी आतून चालते ते?"

"तीन वर्षं रोज झाडते तुझी खोली. भोक कुठल्या बाजूला हाय ते दिसत नाय काय मला? जा आता. केस तरी बांध, लोक म्हणतील पळून आली."

सभा समाजमंदिरात होती. मी पोचले तेव्हा ग्रामसेवक मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. बाबांनी मला बघितलं आणि मान खाली घातली. काकांनी बाबांकडे बघितलं.

माझी वेळ आली तेव्हा मी सह्यांचा पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि मागणी वाचली. काकांनी वाट बघितली नाही. "दुनियेत एवढे प्रश्न, आणि आमच्या पोरीला दिसली कडी! अगो, पाच मिनिटांचं काम असतं. पाच मिनिटं दार धरवत नाय तुमाला?"

हशा झाला. मी म्हटलं, "काका, तुम्ही धराल? उद्यापासून बाहेर उभे राहा आणि धरा. ठरावात तसं लिहून घेऊ."

हशा यावेळी मागून, सतरंजीवरून आला. काकांचे कान लाल झाले. "गावाला शिकवतेस. तुझ्या घरात हाय का गो, आतून कडी?"

हा प्रश्न माझ्या चार मुद्द्यांत नव्हता. बाबा समोर बसले होते. त्यांना सांभाळून घ्यायचं तर "आहे" म्हणावं लागलं असतं. आणि मग त्या पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक अंगठ्याशी मी खोटं बोलले असते.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या खोलीला बाहेरून बटण आहे. आज सकाळी ते दाबलेलं होतं, मी इथं येऊ नये म्हणून. म्हणून उशीर झाला."

बाबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. आणि अशा वेळी जिच्या तोंडाला सगळं गाव भितं ती आमच्या आळीतली एक काकू सतरंजीवरून उठली. तिच्या मुलीचं लग्न मागल्या वर्षी झालेलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "माझा नवा जावय पयल्या सणाला आलेला. मी आत बसलेली. दार उघडलं तर समोर जावय. मी आत, तो भाईर, दोघं पण मुके. मी खोकायची पण इसरले!"

सगळी सभा हसली. काकूही हसली, पदरानं तोंड पुसलं.

"हसा. हसा रं मेल्यांनो. तवापासून तो माझ्या दारात जेवला नाय. पोरीला रस्त्यावर सोडतो नि तसाच मागं फिरतो. लाजतो बिचारा. वरीस होत आलं. त्या येका कडीपायी माझा जावय तुटला, आता हसा."

कोणी हसलं नाही. काकांनी विषय पुढे घ्यायला सांगितलं, आणि ग्रामसेवकांनी घाईघाईनं लिहिलं. मी टेबलाशीच उभी होते, म्हणून वाचता आलं: 'शौचालयांच्या दरवाजांची आवश्यक ती दुरुस्ती करणे.'

"हे खोडा," मी म्हटलं.

"अहो ताई, त्यात सगळं येतं."

"त्यात काहीच येत नाही. उद्या बिजागरीला तेल घालून म्हणाल दुरुस्ती झाली. लिहा: प्रत्येक दाराला आतून कडी बसवणे. आतून. तो शब्द लिहा."

त्यांनी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. काकू अजून उभीच होती. ग्रामसेवकांनी खोडलं आणि लिहिलं.

इथं मी विजय म्हणून थांबू शकले असते. पत्रक असतं तर थांबलेही असते. पण ठराव रजिस्टरमध्ये राहिला आणि दारं होती तशीच राहिली. मी दोनदा पंचायतीत गेले, एकदा तालुक्याला. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच: निधी येऊ दे. शेवटी बायका म्हणाल्या, आपणच कड्या आणू आणि ठोकू. मी विरोध केला. चांगला जोरात केला. बसवायची जबाबदारी त्यांची आहे, आपण बसवल्या तर ते सुटले, हा मुद्दा मी उभा राहून मांडला. तो मुद्दा आजही खरा आहे.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू भांड त्यांच्याशी. वर्षभर भांड. तोपर्यंत आमी काय खोकत बसू?"

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडहून टॉवर बोल्टची पिशवी आणली. दुकानदारानं विचारलं, "सगळ्या आतल्याच?" म्हटलं, सगळ्या आतल्याच. पत्र्यात खिळ्यानं भोक पाडायचं, नटबोल्ट घालायचा, मागून पाना लावायचा. दोन दारं बिघडली, तिसऱ्यापासून हात बसला. काकूच्या दाराला मी दोन कड्या लावल्या, एक वर, एक खाली. तिनं जावयाला निरोप धाडला आहे. तो अजून आलेला नाही. येईल असं ती म्हणते. पंचायतीकडे माझा अर्ज अजून पडून आहे आणि तो मी मागे घेतलेला नाही.

पिशवीत एक कडी उरवून ठेवली होती, माझ्या खोलीसाठी.

सभेपासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी कडी, स्क्रू ड्रायव्हर आणि हातड्रिल घेऊन दारापाशी बसले तेव्हा बोलले. "माझ्या घरात नाय."

"घर तुमचं. खोलीत मी राहते."

"घरात पोर आतून कडी लावून बसती म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणार कसं, बाबा? कडी आत आहे."

ते समोरच्या खाटेवर बसून राहिले. मला वाटलं, उठतील, हातातलं ड्रिल घेतील. त्यांच्या पाठीमागे, ते शेतावर गेल्यावर लावता आली असती. मुद्दाम लावली नाही. दिवसाढवळ्या, त्यांच्या डोळ्यांसमोर लावायची होती. आधी गोल लॉक सोडवलं, सुलटं केलं, बटण आत घेतलं. पण लॉकला चावी असते आणि चावी कोणाच्या तरी डब्यात असते, म्हणून वर आतली कडी. तिला चावी नाही. मी शेवटचा स्क्रू आवळायला लागले. बाबा बघत होते. ते म्हणाले, "वाकडा जातोय." मी सरळ केला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारची मी पडवीत कागद लावत बसले होते. बाबा शेतावरून आले, पाय धुतले, घरात गेले. आई स्वयंपाकघरात नव्हती, मागच्या दारी नव्हती. त्यांनी माझ्या खोलीचं दार लोटलं. लोटलं गेलं नाही.

"कोण हाय आत?"

"मी," आईचा आवाज.

"बरं नाय का?"

"बरी हाय."

"मग काय करतेस?"

"काय नाय. बसले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मला काही माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. आतून काही आवाज येत नव्हता, झोपल्याचा नाही, रडल्याचा नाही, कामाचाही नाही. बाबांनी दारावरचा हात काढला. मग परत, जरा हळू आवाजात, "चहा?"

"येते की. थांबा जरा."

ते थांबले. खाटेवर बसले, उठले. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आपल्याच घरात कुठं बसावं ते कळत नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांडं पडल्याचा आला. मग तिथूनच त्यांनी हाक मारली.

"अगो, साखर कुठं हाय?"

"वरच्या फळीवर," आईनं आतूनच सांगितलं. "निळ्या झाकणाचा डबा. आणि मला पण ठेवा अर्धा कप."